जाड कोटातला माणूस

जून महिन्यात झरका शहराच्या बसस्थानकावर अंगातला सदरासुद्धा जड वाटतो. अशा उन्हात एक माणूस गुडघ्यापर्यंत येणारा लोकरीचा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, गर्दीतून झपाझप चालला होता.

हवालदार मिथकालला तो आधी दिसला. शेजारून चाललेल्या कुसैला त्याने कोपराने हलकेच ढोसलं.

"तो बघ. तपकिरी कोट."

कुसै सहा महिन्यांपूर्वीच पोलिसात भरती झालेला. उंच, सडपातळ, मिशी अजून नीट फुटलेली नाही. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. कारण सकाळच्या हजेरीला ठाण्यावर जी बातमी सांगितली होती ती दोघांच्याही कानात अजून ताजी होती. शेजारच्या शहरात एक माणूस कोटाखाली स्फोटकं बांधून चौकीच्या दारापर्यंत आला होता. तो सापडला. त्याचा जोडीदार मात्र निसटला होता. तो कसा दिसतो, किती वयाचा, कुणालाच माहीत नव्हतं. डोळे उघडे ठेवा, एवढंच सांगून सगळ्यांना गस्तीवर पाठवलं होतं.

मिथकालने चालता चालता त्या माणसाला न्याहाळलं. दोन्ही हात कोटाच्या आत, छातीशी घट्ट. कपाळावरून घामाच्या धारा. मधूनमधून तो मान वळवून मागे बघत होता, पण माणसांकडे नाही. वर, टेकडीवरच्या घरांच्या गच्च्यांकडे. जणू तिथून कुणी त्याच्यावर नजर ठेवून आहे. आणि त्याचा रोख होता फलाटाच्या टोकाला उभ्या असलेल्या अम्मानच्या बसकडे. बस खच्चून भरली होती. कॉलेजची पोरं दाराला लटकली होती, आणि कंडक्टर "अम्मान, अम्मान, अम्मान!" करत आणखी माणसं आत कोंबत होता.

"अहो काका!" मिथकालने हाक मारली. "जरा थांबा!"

माणूस चालतच राहिला.

"काका, पोलीस! मी हवालदार मिथकाल. दोन मिनिटं बोलायचंय."

आजूबाजूच्या दहाजणांनी वळून पाहिलं. ज्याला हाक मारली होती त्याची मानसुद्धा हलली नाही.

आता कुसै ओरडला. त्याचा आवाज फाटला. "ए! थांब म्हणतायत ना! हात बाहेर काढ!"

त्या आवाजाने गर्दीचं दूध नासलं. काकड्या विकणाऱ्या बाईने पोराला काखोटीला मारलं आणि टोपली तिथेच टाकून ती पळाली. कुणीतरी "बॉम्ब!" म्हणालं. कोण म्हणालं ते कळलं नाही, पण तो एक शब्द वणव्यासारखा फलाटभर पसरला. माणसं बसमधून खिडक्यांवाटे उड्या टाकायला लागली. चहाची किटली कुठेतरी आडवी झाली. आणि भोवतालची सगळी माणसं धावताना पाहून तो कोटवालाही धावायला लागला. छातीवरचे हात आणखी आवळून, थेट बसच्या दिशेने.

मिथकालने बाजूला पाहिलं. कुसैच्या हातात पिस्तूल होतं.

"साहेब, बसमध्ये माणसं आहेत," कुसै म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "तो बसमध्ये शिरला तर..."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. मिथकाल सतरा वर्षं नोकरीत होता, आणि या घटकेला त्यालाही कळत नव्हतं की पोराला काय सांगावं.

मागच्या महिन्यात ठाण्यातल्या सगळ्यांना नव्या नियमांचं शिक्षण झालं होतं. रस्त्यात माणसाला अडवायचं कसं, विचारायचं काय, झडती घ्यायची कुठवर. शिकवायला आल्या होत्या कॅप्टन इब्तिहाल. बुटक्याशा, सर्दीने बेजार, सारखं नाक पुसणाऱ्या. मागच्या बाकावरच्या जुन्या खोडांनी त्यांची भरपूर टिंगल केली होती. 'चोराला आधी सलाम करायचा का मॅडम? त्याला चहा विचारायचा का?' मिथकालही हसला होता. आपलं नाव सांगा, कारण सांगा, एकानेच बोला, दोघांनी एकदम ओरडू नका, हे सगळं त्याला तेव्हा पाहुण्यांच्या जेवणावळीचे नियम असावेत तसं वाटलं होतं. पण एका जुन्या खोडाने विचारलं होतं, 'आणि तीन हाका मारूनही थांबला नाही तर?' तेव्हा कॅप्टन नाक पुसायचं थांबल्या होत्या. 'ऐकत नाही आणि ऐकू येत नाही, यातला फरक पाठीमागून कळत नाही,' त्या म्हणाल्या होत्या. 'समोर जा.'

एवढंच. पुढे त्या दुसऱ्याच विषयाकडे वळल्या होत्या.

"मी सांगेपर्यंत हलू नकोस," मिथकाल कुसैला म्हणाला. "आणि एक शब्द बोलू नकोस. तोंड बंद."

उजव्या हाताला दोन रिकाम्या बस शेजारी शेजारी लावल्या होत्या. त्यांच्या मधल्या बोळकांडीतून तो पळत सुटला. गेल्या दोन वर्षांत पोट सुटलं होतं, ते त्याला तेव्हा जाणवलं. पलीकडे निघाला तो नेमका कोटवाल्याच्या समोर, दहा-बारा हातांवर. मागे अम्मानची बस, पुढे हा माणूस. मिथकालने दोन्ही हात वर केले, पंजे उघडे, आणि तसाच उभा राहिला.

माणूस जागच्या जागी थबकला.

आता चेहरा नीट दिसला. पन्नाशीच्या पुढचा. गालांवर पांढरे खुंट. डोळ्यांत पाणी, घामाचं की भीतीचं कोण जाणे. आणि ते डोळे मिथकालच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ते त्याच्या ओठांवर खिळले होते.

"काका," मिथकाल हळूच म्हणाला. "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

आणि त्याने स्वतःच्या कानावर बोट ठेवून नकारार्थी हात हलवला.

माणसाने जोरजोरात मान डोलावली. त्याच्या घशातून आवाज निघाला, "आ, आ, आ." बोलणं नव्हतं ते. होकार होता.

मिथकालच्या छातीवरचा एक दगड खाली आला, पण दुसरा तसाच होता. बहिऱ्या माणसाच्या कोटाखालीही स्फोटकं असू शकतात. आणि त्याच वेळी त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. कोटवाल्याच्या खांद्यावरून त्याला पलीकडे कुसै दिसत होता. पिस्तूल दोन्ही हातांत धरलेला. म्हणजे कुसै, हा माणूस आणि आपण, तिघंही एका रेषेत आलो होतो.

"कुसै! पिस्तूल खाली कर!"

"साहेब, त्याचे हात आत आहेत!"

"मला दिसतंय! खाली कर आधी! तुझ्यासमोर मीही उभा आहे, गाढवा!"

पिस्तुलाचं तोंड जमिनीकडे वळलं. पूर्ण नाही, पण वळलं.

मिथकालने उजव्या हाताची पाचही बोटं चिमटीसारखी जुळवली आणि हात हळूहळू वरखाली केला. थांब जरा. सबूर. त्या मुलखात तान्ही पोरंसुद्धा ही खूण ओळखतात. माणसाने ती पाहिली आणि त्याचे खांदे किंचित सैलावले. मग मिथकालने स्वतःचे तळवे पुन्हा उघडून दाखवले, आणि त्याच्याकडे बोट केलं. आता तू. तुझे हात.

माणसाने मान हलवली. नाही.

"काका, हात."

नाही. अगदी ठाम नाही. डोळ्यांतलं पाणी आता गालांवर आलं होतं. त्याने काकुळतीने कोटाकडे पाहिलं, मग आकाशाकडे पाहिलं, आणि पुन्हा मान हलवली.

आणि मग कोट हलला.

माणूस हलला नव्हता. कोट हलला. पोटाच्या बाजूला काहीतरी फुगलं, वर सरकलं, छातीपाशी आलं. मिथकालला वाटलं, संपलं. अशा वेळी मुलांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात असं त्याने ऐकलं होतं. तसं काही झालं नाही. सकाळी दाराची कडी दुरुस्त करायची राहून गेली, एवढंच त्याच्या मनात आलं.

गळ्याजवळची दोन बटणं ताणली गेली. त्यांच्या मधून एक राखाडी डोकं बाहेर आलं. त्या डोक्याने एक नारिंगी डोळा मिथकालवर रोखला, मान तिरपी केली, आणि दुसऱ्या बाजूचा डोळा रोखला.

कबूतर.

मिथकाल काही बोलणार तेवढ्यात कबुतराने सगळं अंग झटकलं, बटण तुटून उडालं, आणि पंखांचा फडफडाट करत ते बाहेर झेपावलं. माणसाने घाबरून दोन्ही हात कोटातून ओढले, त्याला पकडायला. मागून कुसैला त्यातलं एवढंच दिसलं की कोट फाकला आणि हात एकदम बाहेर आले. पिस्तूल पुन्हा वर उठलं.

"कबूतर!" मिथकाल सगळा जीव घशात गोळा करून ओरडला. "कुसै! कबूतर आहे रे, कबूतर!"

ते पाखरू वर चढत चढत, एक गिरकी घेऊन, स्थानकापलीकडच्या टेकडीच्या दिशेने निघून गेलं.

मग कुणीतरी बसच्या चाकाआडून विचारलं, "काय म्हणाले?"

"कबूतर म्हणाले."

"कबूतर?"

"कबूतर!"

आणि जसा मघाशी 'बॉम्ब' पसरला होता तसं आता 'कबूतर' पसरलं. माणसं बाकांखालून, गाड्यांमागून, एकमेकांच्या अंगांखालून बाहेर निघाली. एकजण हसायला लागला, आणि मग हसू आवरेचना. खिडकीतून उडी टाकलेल्या एका पोराचा बूट आतच राहिला होता. तो आत डोकं घालून ओरडत होता, "माझा बूट द्या रे कुणीतरी!"

कुसैने पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये खुपसलं. पहिल्या वेळी ते नीट बसलंच नाही. मग तो रिकाम्या बसच्या मागे गेला आणि भडाभडा ओकला.

मिथकालचा जीव भांड्यात पडला होता खरा, पण काम संपलं नव्हतं. कबूतर निघालं म्हणून झडती चुकत नाही. त्याने कोटवाल्याच्या कोपराला हलकेच हात लावला आणि त्याला बसच्या आडोशाला नेलं, कारण पाच-पन्नास लोक फोन वर धरून चित्रण करत होते, आणि कुणाचीही झडती ही तमाशा नसते. तिथे त्याने आधी स्वतःच्या अंगावर हात फिरवून दाखवला: असं करणार आहे, चालेल? माणसाने मान डोलावली आणि दोन्ही हात हवेत उंच धरले.

कोटाच्या आत, छातीशी फडक्यात गुंडाळलेलं आणखी एक कबूतर होतं. हे मोठं, मानेवर हिरवी-जांभळी झाक असलेलं. मिथकालने ते काढलं नाही. फक्त फडक्याखाली बोटं फिरवून दुसरं काही नाही याची खात्री केली. खिशात मूठभर मसूर, एक रुमाल, आणि गळ्यात दोरीने बांधलेलं ओळखपत्र. अतल्ला, असं नाव होतं त्यावर. बाकी काही नाही.

"झालं," मिथकाल म्हणाला. "संपलं काका. मोकळे आहात तुम्ही."

अतल्ला तसाच उभा. हात वर.

मिथकालने हसून मान डोलावली. हात वरच. त्याने दोन पावलं मागे सरून वाट मोकळी करून दाखवली. तरी हात वरच. मिथकालला एकदम उमगलं की या माणसाला ते संपलंय हे कळायला काही मार्गच नाही. त्याच्या लेखी अजूनही पाठीमागे कुणीतरी पिस्तूल घेऊन उभं आहे. मग मिथकालने पुढे होऊन त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, आणि स्वतःच हळूहळू खाली आणले. खाली आणून तसेच धरून ठेवले. अतल्लाने एक लांब श्वास सोडला आणि तो बसच्या पायरीवर मटकन बसला. फडक्यातल्या कबुतरावर हनुवटी टेकवून तो रडायला लागला, आवाज न करता.

आडोसा फार वेळ टिकला नाही. बघे जमलेच. त्यांच्यातला एक जाडजूड ड्रायव्हर म्हणाला, "कबूतरवाला! आत टाका साहेब त्याला. दुसऱ्याची पाखरं पळवतात म्हणून कबूतरवाल्याची साक्ष तर काझीसुद्धा घेत नाही. नक्की कुणाच्या तरी गच्चीवरून उचलली असणार."

"तुझी साक्ष कोण घेतं रे?" रसवाला म्हणाला. "अम्मानचं भाडं सांगून अर्ध्या वाटेत उतरवतोस."

लोक हसले. ड्रायव्हरने काही उत्तर द्यायच्या आत गर्दी ढकलत एक म्हातारा पुढे आला. अंगात बनियन, खाली पायजमा, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. टेकडीवरून धावत आल्याने तो इतक्या धापा टाकत होता की आधी त्याला बसवून पाणी पाजावं लागलं.

"मारलं का त्याला?" पहिला शब्द फुटला तो हा. "सांगा, मारलं नाही ना?"

"कुणी कुणाला मारलेलं नाही," मिथकाल म्हणाला. "तुम्ही कोण?"

"अबू गाझी. अरे देवा, तो कोट माझा आहे."

"तुमचा?"

"मीच घातला त्याला. माझ्याच हाताने बटणं लावली. गच्चीवरून बघत होतो, हा त्या बसमागच्या वाटेने पलीकडच्या टेकडीवर आपल्या घरी सुखरूप पोचतोय का. आणि बघतो तर काय, सगळे पळतायत आणि हा पोरगा पिस्तूल घेऊन मागे." म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. "जिना कसा उतरलो मलाच ठाऊक नाही."

"पण जूनमध्ये कोट कशाला, चाचा?"

अबू गाझीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. खाली आणला तरी पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतका होताच. "माझी पोरं. कबुतरांपायी वेडी झालीत. मागच्या आठवड्यात याची जोडी आमच्या थव्यात उतरली, पोरांनी जाळं टाकून धरली. आता कबूतरवाल्यांचा कायदा असा की धरलं ते धरलं, परत द्यायचं नाही. हा रोज आमच्या दारात येऊन बसायचा. बोलत नाही, मागत नाही, नुसता बसायचा आणि वर बघायचा. मला घास गिळेना हो. आज पोरं कामाला गेली तशी मी पिंजरा उघडला. पण गल्लीतल्या कुणी पाहिलं असतं तर संध्याकाळी पोरांनी मलाच पिंजऱ्यात घातलं असतं."

"म्हणून कोट."

"म्हणून कोट. घरात तेवढाच मोठा होता."

मिथकालने डोळे मिटले. एका म्हाताऱ्याच्या दयेपायी आज इथे काय होऊन बसलं असतं, याचा विचार त्याने जाणूनबुजून अर्ध्यावर सोडला.

तेवढ्यात गर्दीच्या मागून एक बाई ओरडत आली. "बाजूला व्हा! माझा भाऊ कुठाय? बाजूला हो रे बैला!" 'बैला' म्हणजे तो जाडजूड ड्रायव्हर. तो मुकाट बाजूला झाला.

ही सबहा, अतल्लाची मोठी बहीण. काळा झगा, हाताला अजून कणीक लागलेली. तिने भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिला, डोक्यापासून पायांपर्यंत चाचपला, आणि तो शाबूत आहे याची खात्री पटल्यावर ती पोलिसांकडे वळली.

"लाज वाटते का? याला बघून कळत नाही? जन्मापासून ऐकू येत नाही त्याला! सगळं झरका ओळखतं!"

"मावशी, मी इथे नवीन..." कुसै पुटपुटला. तो तोंड धुऊन परत आला होता.

"नवीन आहेस तर आधी डोळे उघड, मग पिस्तूल उघड!"

"मावशी," मिथकाल म्हणाला, "मी हवालदार मिथकाल. तुमच्या भावाला आम्ही थांबवलं, कारण एवढ्या उन्हात कोट, हात आत, आणि हाक मारली तर उत्तर नाही. आज सकाळीच आम्हाला तसल्या एका माणसाची बातमी होती. झडती घेतली, काही नाही मिळालं. त्याचा काही दोष नाही. तो मोकळा आहे. आणि तो घाबरला त्याबद्दल मला वाईट वाटतं."

सबहाने तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. पोलीस आपलं नाव सांगतो, कारण सांगतो, वर वाईट वाटतं म्हणतो, याला काय उत्तर द्यायचं ते तिला सुचेना. मग तिला अबू गाझी दिसला, भावाच्या अंगातला त्याचा कोट ओळखू आला, आणि सुचलं.

"आणि तू! अंगात बनियन घालून फिरणाऱ्या! पिशवी नव्हती घरात? टोपली नव्हती? कोट घालतोस माझ्या भावाला?"

"टोपलीत आवाज करतात ती, सबहा."

"आणि कोटात काय कुराण म्हणतात?"

हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अबू गाझीसुद्धा हसला, धाप लागलेली असतानाही.

"पण मावशी, तुम्हाला इतक्या लवकर कुणी कळवलं?" मिथकालने विचारलं. "फोन आला का?"

"फोन कसला! मी भाकऱ्या थापत होते. गच्चीवर फडफड झाली म्हणून पाहिलं, तर आमची राखाडी मादी. आठवडाभर नव्हती, आणि आज एकटी येऊन कठड्यावर बसलेली. म्हटलं, ही एकटी आली म्हणजे हा कुठेतरी सापडला. कणकेच्या हातांनी तशीच निघाले."

एवढं बोलून तिच्या लक्षात आलं की ज्याला हे आधी सांगायला हवं त्याला सांगितलंच नाही. ती भावासमोर उकिडवी बसली. हातांनी तिने पंख केले, मग घराचं छप्पर, मग ते पंख छपरावर टेकवले. अतल्ला टक लावून बघत होता. त्याने तीच खूण परत केली, प्रश्नासारखी. सबहाने डोळे मिटून मान डोलावली. हो रे, घरी आहे.

अतल्लाचा चेहरा असा उजळला की बघणाऱ्यांपैकी दोघातिघांनी उगाच घसे खाकरले. मघापासून दाबलेला तो "आ, आ, आ" पुन्हा निघाला, या वेळी मोठ्याने, आणि तो फडक्यातल्या नराला हलवून हलवून काहीतरी सांगायला लागला, जणू त्याला तरी ऐकू येतं.

लोक पांगले. अम्मानचा कंडक्टर पुन्हा ओरडायला लागला. ज्याचा बूट हरवला होता त्याला तो मिळाला. काकड्यावाली परत आली, टोपलीतल्या काकड्या जशाच्या तशा पाहून तिने देवाचे आभार मानले आणि लगेच भाव सांगायला सुरुवात केली.

कुसै मात्र जागचा हलत नव्हता. शेवटी तो सबहापाशी आला. "मावशी, मला त्याला सांगायचंय. कसं सांगायचं?"

"काय सांगायचंय?"

कुसै खाली बघत म्हणाला, "माझं बोट चापावर होतं."

सबहाचा चेहरा दगडासारखा झाला. मिथकालला वाटलं, आता ही याला थोबाडीत देणार, आणि दिली तर आपण मध्ये पडायचं नाही. तिने त्या पोराला खालीवर पाहिलं. त्याच्या सदऱ्यावर ओकारीचा डाग होता. ओठ अजून पांढरे होते.

"तुझी आई आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"मग आज घरी जाऊन तिच्या हातचं जेव." मग तिने त्याचा उजवा हात धरला, स्वतःच्या कणकेच्या हाताने, आणि त्याच्याच छातीवर ठेवला. "असं कर आणि मान झुकव. कळेल त्याला."

कुसैने तसं केलं. अतल्लाने त्याच्याकडे पाहिलं. त्या पोरानेच मागून पिस्तूल रोखलं होतं हे त्याला ठाऊक होतं की नव्हतं, कुणास ठाऊक. त्याने खिशातून मसुराचे चार दाणे काढून कुसैच्या तळव्यावर ठेवले आणि फडकं पुढे केलं. कबुतराने मान काढून दाणे टिपले. कुसैचा हात चांगलाच थरथरत होता, त्यामुळे एक दाणा खाली पडला.

मग सबहाने भावाच्या अंगातला कोट ओढून काढला, तो अबू गाझीच्या अंगावर फेकला, आणि तिघंही पलीकडच्या टेकडीच्या वाटेला लागले. अबू गाझी दोन वेगळ्या चपलांत, खांद्यावर कोट टाकून, मागून काही ना काही सारवासारव करत होता आणि सबहा पुढून त्याला झापत होती. त्यांचं भांडण चढणीपर्यंत ऐकू येत होतं.

मिथकालने ठाण्याला वायरलेसवरून कळवलं. पलीकडून विचारणा झाली, "कोटात काय मिळालं?"

"दोन कबुतरं. एक उडालं."

मग आवाज आला, "अल्लाची कृपा." आणि त्या आवाजात चेष्टा नव्हती.

रसवाल्याने न मागता चिंचेच्या सरबताचे दोन मोठे पेले आणून ठेवले. दोघं फलाटाच्या कडेला सावलीत बसले. मिथकालने आपला पेला उचलला, तर बर्फ काचेवर किणकिणायला लागला. त्याने तो खाली ठेवून दुसऱ्या हाताने धरला. तरी किणकिण थांबेना.

"साहेब, तुमचाही हात?" कुसै म्हणाला.

"मग काय वाटलं तुला? मी लोखंडाचा आहे?"

कुसै हसला. हसता हसता त्याला रडू फुटलं, आणि ते त्याने गुडघ्यांत तोंड घालून लपवलं. मिथकाल त्याच्या पाठीवर हात ठेवून समोर बघत बसला. अम्मानची बस एकदाची हलली. दारातली पोरं कुणाला तरी 'कबूतर, कबूतर' म्हणून चिडवत होती. खिडक्यांमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती, कुणी पेंगत, कुणी फोनवर, कुणी पोराला संत्र्याची फोड भरवत.

"रडून घे," मिथकाल म्हणाला. "आपली पाळी संपायला अजून बराच वेळ आहे."

आणि त्याने तो थंडगार आंबटगोड पेला एका दमात रिकामा केला. त्या दिवशी त्याला ते सरबत इतकं चांगलं लागलं की त्याने आणखी एक मागवलं.